मनगटापासून तीन बोटं

(दृश्य: परळ, सकाळ)

सकाळचे सात वाजलेत. टाटा हॉस्पिटलबाहेरचा फूटपाथ केव्हाच जागा झालाय. चहाच्या ग्लासाशेजारी रिपोर्टच्या पिशव्या, मांडीवर जाड फायली. १९४१ साली हे हॉस्पिटल उभं राहिलं, आणि आज देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं इथे येतात. कॅन्सरशी लढाई इथेच लढायची. पण केमो घेऊन खोलीवर परतल्यावर रात्रभर पोटात ढवळतं, पाण्याचा घोटसुद्धा टिकत नाही, ती रात्र पेशंटला एकट्यानेच काढावी लागते.

(दृश्य: दादर, जिना, खोली)

दादरची जुनी इमारत, पहिला मजला. इथे अ‍ॅक्युपंक्चरचा दवाखाना आहे: अंगावरच्या ठराविक जागी बारीक सुया टोचून त्रास कमी करायची चिनी उपचारपद्धत. या काकू साताऱ्याकडच्या. स्तनाचा कॅन्सर, ऑपरेशन झालंय, केमो चालू आहे. मुंबईत भाचीकडे उतरल्यात. त्यांची नखं बघा, पार काळवंडलीत. बोटं बधिर झाल्यामुळे ब्लाउजचे हुक सकाळी भाची लावून देते.

"काकू, रक्ताचा रिपोर्ट आणलात ना?"

डॉक्टरबाईंचा पहिला प्रश्न रोज हाच. प्लेटलेट्स किती, पांढऱ्या पेशी किती. आकडे फार खाली असतील तर त्या दिवशी सुई नाही. काकूंच्या डाव्या काखेतल्या गाठी काढल्यात, त्यामुळे डाव्या हाताला हात लावायचा नाही. कागद नीट वाचून झाला की मगच पाकीट फोडायचं.

(दृश्य: हात, जवळून)

आता मनगटाकडे बघा. मनगटाच्या घडीवर काकूंचीच तीन बोटं आडवी ठेवायची. माप पेशंटच्या बोटांचं, डॉक्टरच्या नाही. तिथे हाताला स्नायूंच्या दोन ताठ दोऱ्या (कंडरा) लागतात, त्यांच्या मधोमध सुईची ही जागा. चिनी नाव नेइग्वान. सुई केसासारखी बारीक, भरीव. तिच्यात औषध नसतं. एकदाच वापरायची. बारीक नळीतून एक टिचकी, आणि काकूंचे डोळे मिटतात. "जड वाटतंय," त्या म्हणतात. डॉक्टरबाई मान हलवतात. असं जड वाटलं की जागा बरोबर सापडली, असं त्या मानतात. आता वीस मिनिटं पडून राहायचं.

केमोनंतरच्या मळमळीवर या सुईचा उपयोग होतो, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांनी १९९७ सालीच मान्य केलं होतं.

(दृश्य: भिंतीवरचा फोटो)

भिंतीवरचा हा फोटो डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा. मूळचे सोलापूरचे. डॉक्टर झाले ते परळच्याच जी. एस. मेडिकल कॉलेजात, टाटापासून हाकेच्या अंतरावर. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टर युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेले, त्यांत ते होते. १९४२ साली तिथेच वारले. त्याच पथकातले डॉ. बिजयकुमार बसू पुढे १९५८ साली पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि भारतात घेऊन आले. हा धागा किती जणांना ठाऊक असेल? महाराष्ट्राने अ‍ॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा केलाय, केंद्रानेही २०१९ साली मान्यता दिलीय. तरी कॅन्सरच्या वॉर्डात पेशंटला ही वाट सांगणारं क्वचितच कोणी भेटतं. आमची तळमळ आहे ती इथे.

(दृश्य: दुसऱ्या खाटेवरच्या आजी)

या आजींची केमो संपलीय, आता स्तनाचा कॅन्सर परतू नये म्हणून लेट्रोझोलची गोळी चालू आहे. या गोळीने सांधे इतके धरतात की काही बायका गोळीच सोडून देतात. २०१८ साली अमेरिकेत २२६ बायकांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला: नकली सुयांपेक्षा खऱ्या सुयांनी दुखणं अधिक उतरलं. फरक फार मोठा नव्हता, पण होता.

सुईने कॅन्सर बरा होत नाही. केमो, गोळ्या, तपासण्या यांतलं काहीही थांबवायचं नाही, आणि आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच इथे यायचं.

(दृश्य: सुया काढताना)

वीस मिनिटं झाली. डॉक्टरबाई एकेक सुई काढतात, मोठ्याने मोजतात. सहा टोचल्या, सहा निघाल्या. सुया थेट पांढऱ्या डब्यात. काकू उठून बसतात, काढून ठेवलेल्या बांगड्या हातात चढवतात.

"गुरुवारी येऊ ना?"

"गुरुवारी या. रिपोर्ट घेऊन या."