मुखपृष्ठाआधी कणा

कार्यक्रमपत्रिकेवर विषय छापलाय ‘पुस्तकाची बांधणी कशी निवडावी’. त्यावर येतोच. आधी ग्रेनबद्दल बोलू द्या, कारण त्याच्यावर कोणी बोलतच नाही.

कागद यंत्रावर तयार होताना त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेला लागतात, तो ग्रेन. दमट हवेत तंतू लांबीत फारसा वाढत नाही, जाडीत फुगतो. म्हणून कागद ग्रेनला आडवा वाढतो. ग्रेन कण्याला, म्हणजे पानं जिथं एकत्र बांधतात त्या कडेला, समांतर असेल तर ही वाढ मोकळ्या कडेकडे जाते, कोणाला कळतही नाही. ग्रेन आडवा पडला तर कागद कण्याच्या लांबीत वाढू बघतो आणि तिथं त्याला गोंदानं धरून ठेवलेलं असतं. मग कण्यालगत लाटा उठतात. कोल्हापूरच्या जुलैत याचा पुरावा शोधायला लागत नाही. शिवाय असं पुस्तक टेबलावर उघडं राहत नाही. एका हातानं वाचा, दुसऱ्यानं दाबून धरा!

उदाहरणाला पुस्तकाचा डेमी 1/8 हा आकार घ्या. 23×36 इंची कागदात पानाची उंची 36च्या बाजूला बसते, कापायच्या आधी नऊ इंच. म्हणजे ग्रेन 36च्या बाजूनंच हवा. गठ्ठ्यावर खूण नसेल तर चौकोनी तुकडा कापून एका बाजूनं ओला करा. तो ज्या नळीत वळेल, तिच्या लांबीच्या दिशेनं ग्रेन. नाहीतर फाडून बघा, ग्रेनच्या बाजूनं सरळ फाटतो. एवढं साधं काम. पण मुखपृष्ठावरच्या चमकत्या फॉइलवर बैठका होतात आणि ग्रेन गोदामात शिल्लक असेल तो!

फॉइलवरून आठवलं. हल्ली काळं मुखपृष्ठ, त्यावर मॅट लॅमिनेशन, म्हणजे बिनचमकीची प्लॅस्टिक फिल्म, वर लेखकाच्या नावाला स्पॉट यूव्ही, म्हणजे तेवढ्याच जागी चमकदार लेप. पुस्तक नाही तर नाव तरी चमकावं. पण साधी मॅट फिल्म गडद रंगावर घासली की पांढरे ओरखडे दिसतात, स्क्रॅचप्रूफ मागा. फिल्म एकाच बाजूला असते, आतली बाजू ओल धरून वाढते आणि मुखपृष्ठ बाहेर वळतं. कार्डाचा ग्रेनही कण्याला समांतर ठेवा, घडीआधी क्रीज, म्हणजे दाबून रेघ, मारा, नाहीतर घडीवर शाई तडकते.

संयोजक घड्याळ दाखवतायत, तेव्हा बांधणी भराभर.

साठेक पानांपर्यंत सेंटर पिन, म्हणजे घडीच्या मधोमध तारेच्या पिना. पानं चारच्या पटीत. त्यापुढं परफेक्ट बांधणी, म्हणजे गोंदाची. त्यात कणा दोन-तीन मिलिमीटर खरवडून गरम गोंद लावतात, म्हणून आतला समास आधीच वाढवा. नेहमीचा ईव्हीए गोंद थंडीत कडक होतो, उन्हात मऊ पडतो, आर्ट पेपरला नीट धरत नाही. तिथं पीयूआर हा दुसरा गोंद मागा. तो हवेतल्या ओलाव्यानं पक्का होतो. पान ओढून पकड बघायची तर एक दिवस थांबा. शब्दकोश, पाककृती, ग्रंथालयात फिरणारं पुस्तक, यांना फॉर्म, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, शिवूनच घ्या. करवीर नगर वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयात कपाटं बघा, शिवलेली कोणती ते लगेच ओळखाल.

पैसे कमी पडले तर स्पॉट यूव्ही कापा, शिलाई नको. आणि कण्याची जाडी अंदाजानं धरू नका. त्याच कागदाची कोरी प्रत बांधून घ्या, मोजा, मगच मुखपृष्ठाची फाइल पाठवा. प्रश्न चहाला घेऊ.