खणाखणांत मांडलेले जग: उप्सालाचे कपाट

स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या गुस्ताव्हियानुम संग्रहालयात काळ्याभोर आबनुसाचे एक उंच कपाट उभे आहे. त्याच्या माथ्यावर पोवळी, शिंपले आणि स्फटिक रचून एक डोंगर केला आहे आणि त्या डोंगरावर विराजमान आहे दर्याचा नारळ. आपल्याकडे फकिरांच्या हाती भिक्षापात्र म्हणून दिसणारी काळी करवंटी ती हीच. या नारळाचे झाड सेशेल्स बेटांवर आहे, हे १७६८ मध्ये उमगले. तोवर लाटांबरोबर किनाऱ्याला लागणारे हे फळ समुद्राच्या तळाशी उगवते, असा समज होता. समुद्रापासून दूर, जर्मनीतल्या ऑग्सबुर्ग शहरात घडलेल्या या कपाटावर त्याला सर्वांत वरचे स्थान मिळाले, यात नवल नाही.

१६२५ ते १६३१ या काळात हे कपाट करवून घेणारा फिलिप हाइनहोफर स्वतः कारागीर नव्हता. तो राजेरजवाड्यांना दुर्मीळ वस्तू मिळवून देणारा व्यापारी होता. लाकूडकाम उलरिश बाउमगार्टनरचे. चांदीकाम, चित्रे आणि यंत्रे मात्र ज्याच्या त्याच्या हातची, आणि त्या सगळ्यांना एका आराखड्यात गुंफण्याचे काम हाइनहोफरचे. कोणाचीही मागणी नसताना, तेही युरोपात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातले तीस वर्षांचे युद्ध पेटलेले असताना, त्याने एवढा पैसा यात घातला, याला धाडस म्हणावे की अविचार, हे ठरवणे कठीण आहे.

आबनूस हा आपल्या टेंभुर्णीचा भाऊबंद. जहाजांतून येणारे हे लाकूड इतके महाग होते की साध्या लाकडाच्या सांगाड्यावर त्याचे पातळ काप चिकटवले जात. नासपतीचे लाकूड काळे रंगवून आबनूस म्हणून खपवणारेही होतेच. म्हणून ऑग्सबुर्गमध्ये अस्सल मालावर ‘एबेन’ ही अक्षरे आणि शहराचे चिन्ह असलेले पाइनचे बोंड यांचा ठसा मारला जाई. उंची फर्निचर घडवणाऱ्याला फ्रेंच भाषेत ‘एबेनिस्त’ म्हणतात, ते याच लाकडावरून.

दारे उघडली की खणांमागे खण आणि त्यांमागे चोरकप्पे दिसू लागतात. सुमारे हजार वस्तूंच्या या पसाऱ्यात पत्ते आहेत, औषधांची पात्रे आहेत, आपोआप वाजणारे तंतुवाद्य आहे, आणि एरवी वेडीवाकडी दिसणारी पण दंडगोल आरशात पाहिली की नीट उमटणारी चित्रेही आहेत. दगडाच्या नैसर्गिक रेषांना लाटा मानून त्यांवर रंगवलेले तांबड्या समुद्राचे चित्र मला या सगळ्यांत सरस वाटते.

एप्रिल १६३२ मध्ये याच युद्धात उतरलेला स्वीडनचा राजा गुस्ताव आडोल्फ ऑग्सबुर्गमध्ये आला, तेव्हा त्याच्याच प्रोटेस्टंट पंथाच्या नगरश्रेष्ठींनी हे कपाट विकत घेऊन त्याला नजर केले. हाइनहोफरने स्वतः ते उघडून दाखवले. नोव्हेंबरमध्ये लुत्सेनच्या रणांगणावर राजा पडला आणि कपाट त्याच्याविनाच १६३३ मध्ये स्वीडनला पोहोचले. ते उलगडून दाखवायला ऑग्सबुर्गचा एक सुतार सोबत गेला होता. पुढे १६९४ मध्ये राजा अकरावा कार्ल याने ते विद्यापीठाला दिले.

हाइनहोफर आणि बाउमगार्टनर या दोघांनीच १६१७ मध्ये बाल्टिक किनाऱ्यावरच्या पोमेरेनियाच्या ड्यूकसाठी पुरे केलेले कपाट दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाले. आतल्या वस्तू मात्र वाचल्या आणि आज बर्लिनमध्ये आहेत, कपाटाविना.