'लेटेस्ट फाइल कुणाकडं हाय?'

(कोल्हापुरात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलणं जसं होतं तसंच ठेवलंय, फक्त मधली खोकली-ठसके काढलेत.)

नमस्कार मंडळी. मागच्यांना स्क्रीन दिसत नसेल तर पुढं या की, पहिली रांग पाहुण्यांसाठी सोडायची आपल्याला सवय आहे पण आज पाहुणे कुणी नाहीत.

विषय असा, की दहा-पंधरा जणांनी मिळून माहितीची एक वेबसाइट लिहायची, आणि तीही भांडणं न होता. म्हणजे भांडणं होणारच, पण ती कुठं व्हावीत ते आपण ठरवायचं. शिरोलीला, गोकुळ शिरगावला ज्यांचं मशीनचं किंवा सॉफ्टवेअरचं काम आहे त्यांना मी वेगळं काय सांगायचं, मॅन्युअल लिहिणारा माणूस कधीच एकटा नसतो, डिझाइनवाला दोन पानं देतो, सर्व्हिसवाला त्यात खोडतो, आणि ज्याच्याकडं सगळं जुळवायचं काम आहे तो नेमका रजेवर. मग वर्डची फाइल व्हॉट्सॅपवर फिरायला लागते, फायनल, फायनल टू, साहेबांनी बघितलेली फायनल, आणि शेवटी ग्रुपवर एकच प्रश्न, लेटेस्ट फाइल कुणाकडं हाय?

आजच्या डेमोसाठी मी पुराचा विषय घेतलाय, कारण तो इथं कुणाला समजावून सांगावा लागत नाही. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आपण सगळ्यांनी बघितलाय. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ फूट म्हणजे धोका पातळी, हे शाळेतलं पोरगंबी सांगतंय. आता समजा आंबेवाडी, प्रयाग चिखली, शिरोळकडची गावं, अशा ठिकाणच्या लोकांनी मिळून एक साइट लिहायची, पाणी किती फुटाला आलं की काय करायचं. रस्ते कुठले बंद होतात, जनावरं कधी हलवायची, औषधं कुठं मिळतात. प्रत्येकाला आपल्या गावाचं माहिती, दुसऱ्याच्या गावाचं नाही, म्हणून लिहिणारे अनेक लागणारच.

साध्या टेक्स्ट फाइलींची वेबसाइट बनवणाऱ्या टूलचं नाव एमकेडॉक्स. टॉम ख्रिस्टी नावाच्या माणसानं २०१४ साली आणलं, फुकट आहे, पायथनवर चालतं. याच्या आधीचं स्फिंक्स आहे, गेऑर्ग ब्रांडलनं २००८ मध्ये खुद्द पायथनच्या डॉक्युमेंटेशनसाठी केलेलं, ताकदीचं आहे पण नवख्याला जड जातं. अँटोरा नावाचं पण एक आहे, पंधरा वेगवेगळ्या रिपॉझिटरीतली, म्हणजे प्रोजेक्टच्या फाइली जिथं ठेवतात तिथली, पानं गोळा करून एक साइट बांधायची असेल तर ते घ्या, आपल्याला आज तेवढी गरज नाही.

ही काळी स्क्रीन बघून घाबरू नका. 'एमकेडॉक्स न्यू' म्हटलं की एक फोल्डर तयार होतो, त्यात डॉक्स नावाचा फोल्डर आणि एक सेटिंगची फाइल, बास. डॉक्समध्ये साध्या टेक्स्ट फाइली, मार्कडाउनमध्ये लिहिलेल्या, म्हणजे हेडिंगच्या आधी हॅश, यादीच्या आधी डॅश. 'एमकेडॉक्स सर्व्ह' म्हटलं की तुमच्याच लॅपटॉपवर ८००० नंबरच्या पोर्टला साइट उघडते आणि इकडं फाइल सेव्ह केली की तिकडं पान आपोआप बदलतं. सेटिंगच्या फाइलमध्ये टॅब मारू नका, स्पेसच द्या, नाहीतर एरर येते आणि माणूस तासभर डोकं धरून बसतो.

पण खरी गंमत साइट बनवण्यात नाही, साइट काय कशानंबी बनते. गंमत त्याच्या खाली बसलेल्या गिटमध्ये आहे, म्हणजे फाइलींतला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. लिनस टोरवाल्डसनं २००५ च्या एप्रिलमध्ये गिट लिहायला घेतलं, कारण त्याचे लिनक्सवाले जे बिटकीपर नावाचं तसलंच टूल वापरत होते त्याची फुकटची परवानगी काढून घेतली गेली. जगभर बसलेल्या हजारो लोकांचा कोड एकत्र करायला केलेली वस्तू आहे ती. आणि गिटला फक्त ओळ कळते. तुमचा परिच्छेद, तुमचा मुद्दा, तुमचा भाव त्याला कळत नाही. कुठली ओळ गेली, कुठली आली, कुणी आणली, कधी आणली, एवढंच.

म्हणून पहिला नियम, एक वाक्य संपलं की एंटर मारा. वर्डमध्ये असं कुणी करत नाही, मला माहिती आहे, विचित्र वाटतं. पण मार्कडाउन त्या ओळी जोडून परत एकच परिच्छेद दाखवतं, वाचणाऱ्याला काही फरक दिसत नाही. आणि हे काय मी शोधलेलं नाही, बेल लॅब्जमधल्या ब्रायन कर्निहाननं १९७४ मध्येच युनिक्सच्या नवशिक्यांना हेच सांगून ठेवलंय, प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर सुरू करा. आता अख्खा परिच्छेद एका ओळीत लिहिला आणि कुणी त्यात एक स्वल्पविराम दुरुस्त केला तर काय होतं बघा, 'गिट ब्लेम' चालवलं, म्हणजे कुठली ओळ कुणाची ते गिटला विचारलं, की सगळा परिच्छेद त्या स्वल्पविरामवाल्याच्या नावावर. ज्यानं गावात फिरून माहिती आणली तो गायब!

आता हे बघा. मी दोन ब्रँच केल्यात, म्हणजे एकाच लिखाणाच्या दोन वेगळ्या वाटा, दोन लिहिणारे आहेत असं समजा. एकानं लिहिलं, 'पाणी ३९ फुटाला आलं की जनावरं हलवायला सुरुवात करा.' दुसऱ्यानं तीच ओळ बदलून लिहिलं, '३९ फुटाची वाट बघू नका, त्याआधीच गाडी मिळते तोवर जनावरं हलवा.' पहिली ब्रँच मर्ज झाली, म्हणजे मूळ लिखाणात मिसळली, काही तक्रार नाही. दुसरी मर्ज करायला गेलो की गिट थांबलं, कॉन्फ्लिक्ट. फाइल उघडली की वर कोनांची एक रांग, मग एकाचं वाक्य, मधे बरोबरच्या खुणा, मग दुसऱ्याचं वाक्य, खाली परत कोनांची रांग. लोक हे बघून घाबरतात, टूल बिघडलं म्हणतात. अहो बिघडलं नाही, एकाच बांधावर दोघांनी नांगर घातला आणि गिटनं दोघांना हाक मारून बोलावलं, एवढंच झालं. व्हॉट्सॅपवर हेच झालं असतं तर ज्यानं शेवटची फाइल टाकली त्याचं खरं ठरलं असतं आणि पहिल्याला कळलंबी नसतं. इथं वाद एका ओळीपुरता आहे, दोघांच्या नावानिशी आहे आणि साइटवर जायच्या आधी आहे. बरोबर कोण ते गिट सांगत नाही, ते ज्याच्या गोठ्यात जनावरं आहेत त्याला विचारायचं.

आणि त्याची मर्यादा पण सांगतो, कारण ही गोष्ट कुणी सांगत नाही. एका पानावर ३९ आणि दुसऱ्या पानावर ४३ लिहिलं तर गिट आनंदानं दोन्ही मर्ज करतं, ओळी वेगळ्या आहेत ना, त्याचं समाधान झालं. म्हणून पातळीचा आकडा एकाच पानावर ठेवा, बाकीच्यांनी तिथं लिंक द्या, आणि साइट बिल्ड करताना, म्हणजे टेक्स्टची पानं तयार करताना, स्ट्रिक्ट नावाचा पर्याय लावा, मग लिंक दिलेलं पान जागेवर नसलं तर बिल्डच अडतं. तरीपण मर्ज करायच्या आधी एका माणसानं वाचलंच पाहिजे.

दुसरी एक मेख. 'जीएच-डिप्लॉय' नावाची कमांड आहे, एका झटक्यात साइट गिटहबवर, म्हणजे गिटच्या फाइली ठेवायच्या वेबसाइटवर, चढवते, लई भारी वाटतं. पण ती तुमच्या लॅपटॉपवर जे आहे तेच चढवते. तुम्ही चार दिवस पुल केलं नसेल, म्हणजे बाकीच्यांचे बदल ओढून घेतले नसतील, तर चार दिवसांपूर्वीची साइट आजच्या साइटवर जाऊन बसते. मूळ लिखाण कुठं जात नाही, पण बाहेरच्याला जुनंच दिसतं, आणि पुराच्या दिवशी जुनं दिसणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. तेव्हा कुणीच आपल्या मशीनवरून डिप्लॉय करायचं नाही, मेन ब्रँचला, म्हणजे मूळ लिखाणात, काही आलं की गिटहब ॲक्शननं, म्हणजे गिटहबवर आपोआप चालणाऱ्या कामानं, करायचं.

आता मराठीत लिहिणाऱ्यांसाठी, कारण इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये हे सापडत नाही. फाइलचं नाव देवनागरीत ठेवलंत तर गिट स्टेटसमध्ये, म्हणजे कुठल्या फाइली बदलल्या त्या यादीत, नावाच्या जागी नुसते आकडे दिसतात, एका 'क' साठी ३४०, २४४, २२५. फाइल खराब झालेली नसते, कोटपाथ नावाचं सेटिंग फॉल्स करा, नाव दिसायला लागतं. हेडिंगचं मात्र जास्त त्रासाचं आहे. एमकेडॉक्स प्रत्येक हेडिंगला लिंकसाठी आयडी देतं आणि तो बनवताना इंग्रजी सोडून बाकी अक्षरं टाकून देतं, मग आपल्या हेडिंगला उरतं काय, अंडरस्कोर एक, अंडरस्कोर दोन. तुम्ही 'जनावरं कुठं न्यायची' ची लिंक गावात पाठवलीत आणि उद्या कुणी वर एक नवीन हेडिंग घातलं, की तीच लिंक भलत्याच हेडिंगला जाऊन थांबते. युनिकोडवाला पर्याय आहे, पण तो काना-मात्रा गाळतो, कोल्हापूरचं 'कलहपर' होतं. हसू नका, खरंच होतं, घरी करून बघा. उपाय साधा आहे, ॲट्रिब्यूट लिस्टचं एक्स्टेन्शन चालू करा आणि प्रत्येक हेडिंगच्या शेवटी महिरपी कंसात हॅश लावून आपला आयडी आपणच द्या, छोटा, इंग्रजी अक्षरात.

काय म्हणताय काका? हो, बरोबर आहे, गावातल्या माणसानं कमांड का शिकायची. नाही शिकायची. त्यांना गिटहबवर पानाशेजारी पेन्सिलचं चिन्ह दिसतं, ते दाबायचं, ब्राउझरमध्येच बदलायचं आणि प्रस्ताव म्हणून पाठवायचं. कमांड लाइन दोघा-तिघांना आली तरी भागतं. फक्त त्या दोघा-तिघांनी आलेला प्रस्ताव आठ-आठ दिवस तसाच ठेवायचा नाही, नाहीतर माणूस परत वर्डची फाइल पाठवायला लागतो आणि मग त्याला दोष देऊन उपयोग नाही.

बरं, ज्यांनी लॅपटॉप आणलेत त्यांनी आधी पायथन चालतंय का बघा, मग पिप इन्स्टॉल एमकेडॉक्स. विंडोजवाल्यांनी उजवीकडं बसा, तुमच्याकडं पाथचा, म्हणजे पायथन कुठं आहे ते विंडोजला न सापडण्याचा, घोळ निघणार आहे, तो मी एकेकाचा येऊन बघतो.