फळीवरचा डबा

(ख्रिस्ती मंडळीच्या महिला सभेत केलेलं भाषण. बोलण्यातली पुनरुक्ती काढून, थोडं आटोपशीर करून.)

पाळकसाहेब, अध्यक्षबाई आणि माझ्या बहिणींनो,

गेल्या महिन्यात तुमच्या सचिवबाईंचा फोन आला. नाताळाआधी ऊसतोड्यांच्या तळावर जाऊन कुपोषित मुलांना दुधाचे डबे वाटायचं ठरलंय, पन्नास हजार जमलेत, कुठला डबा घ्यायचा तेवढं सांगा म्हणाल्या. मी म्हटलं, फोनवर नाही सांगत, येऊन सांगते. त्यांना वाटलं असेल, रिटायर झालेल्या नर्सला भाषणाची हौस. हौस आहेच, नाही कशाला म्हणू! पण डब्यावरून मला जे बोलायचंय ते फोनवर बोलवेना.

एकोणऐंशी सालची गोष्ट. मी तेव्हा एका मिशन हॉस्पिटलात मुलांच्या वॉर्डात होते. चौदा महिन्यांची एक मुलगी आली, वजन पाच किलो सहाशे. मांडीची कातडी सैल पायजम्यासारखी लोंबत होती. रडायचीसुद्धा ताकद नव्हती. इतकं खंगलेलं मूल आलं की पहिले काही दिवस फार जपावं लागतं. एकदम पोटभर घातलं तर त्याचं शरीर ते पेलत नाही, ते दगावू शकतं. थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. अंग गार पडू द्यायचं नाही. आम्ही तीन आठवडे ते केलं. मुलगी सहा किलो चारशेवर आली. जाताना माझ्या हातातलं घड्याळ ओढायला लागली होती. आईच्या हातात आम्ही दूधभुकटीचे दोन मोठे डबे दिले, पाणी किती घालायचं ते समजावलं, प्रार्थना केली आणि निरोप दिला.

दीड महिन्यानं मी त्यांच्या वस्तीवर गेले. दार उघडंच होतं. समोर फळीवर एक डबा चकचकीत पुसून ठेवलेला, पाहुणे आले तर चहाला. दुसऱ्यात मीठ होतं. मुलगी मोठ्या बहिणीच्या कडेवर होती. बहीण असेल सहा-सात वर्षांची, तिलाच ते ओझं पेलत नव्हतं. आई मजुरीवरून आली तशी मी तिच्यावर ओरडले. हो, ओरडले. ती ऐकून घेत राहिली आणि मग म्हणाली, "बाई, एकीलाच कशी पाजू? बाकीची चौघं टकामका बघत्यात की."

ती मुलगी त्या पावसाळ्यात जुलाबानं गेली.

मी त्या आईला अडाणी समजले होते. तिचं घर मी तोवर पाहिलंच नव्हतं. आम्ही मुलाला वजनकाट्यावर एकटं ठेवतो ना, तसंच ते जगतंही एकटं असं धरून चाललो होतो.

ही चूक माझ्या एकटीची नव्हती. तिला मोठा इतिहास आहे, आणि तो आपल्याच लोकांचा आहे म्हणून इथं सांगते. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. त्यातून केडगावचं मुक्ती सदन उभं राहिलं. पुढं १९०० चा दुष्काळ आला तेव्हा तिथली संख्या दीड हजाराच्या वर गेली. रमाबाईंना उपास काय असतो हे पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. त्यांचे आईवडील आणि बहीण १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात अन्नावाचूनच गेली होती. त्या काळी दुसरा मार्ग नव्हता. घरच उरलं नव्हतं तर मूल घरी ठेवणार कुठं? उचलून आणलं नसतं तर ते रस्त्यावरच मेलं असतं.

पण माझी पणजी अशाच एका मिशनच्या अनाथाश्रमात वाढली. ती जगली म्हणून मी आज इथं उभी आहे. आणि तिचं गाव कुठलं, तिच्या आईचं नाव काय, हे आमच्या घरात कुणालाही ठाऊक नाही. लोक "दुष्काळातले ख्रिस्ती" म्हणून आपल्याला हिणवतात. लहानपणी मला त्याचा राग यायचा. आता वाटतं, त्या शब्दात टोमणा आहे तसं एक खरंही आहे, की पोर वाचलं आणि घर तुटलं.

मग हॉस्पिटलं आली. मूल तीन आठवडे ठेवायचं, भरायचं, परत पाठवायचं. माझा डबा त्यातलाच.

वेगळा विचार केला तो डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे या जोडप्यानं. दोघंही वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. गरिबांमध्येच काम करायचं हे लग्नाच्या वेळीच ठरलेलं. साठच्या दशकात ते नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात होते. (आता अहिल्यानगर म्हणायचं, माझ्या जिभेला वळण लागायला वेळ लागेल.) तिथं त्यांच्या लक्षात आलं की बरे करून पाठवलेले लोक तेच आजार घेऊन परत येतात. मग अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० मध्ये जामखेडला आले. जामखेड का, तर दुष्काळी, रस्ता नाही, डॉक्टर नाहीत म्हणून. गुरांचा जुना दवाखाना मिळाला, त्यात सुरुवात केली.

तेव्हा त्या भागात हजार बाळं जन्मली तर १७६ वर्षाच्या आत जात होती, आणि पाच वर्षांखालची शंभरातली चाळीस मुलं कुपोषित होती. आरोळ्यांनी आधी गावात शिकलेल्या नर्सेस ठेवून पाहिल्या. ते जमलं नाही. तरुण, एकट्या, परगावच्या पोरी. त्यांना गावात भीती वाटायची, आणि बायका त्यांचं ऐकायच्या नाहीत. माझ्यासारख्याच असणार, शुद्ध भाषेत ओरडणाऱ्या! तेव्हा गावातल्याच माणसांनी सुचवलं की आमच्यातलीच एक बाई घ्या. अशा रीतीनं गावच्या आरोग्यसेविका तयार झाल्या. बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, कित्येक दलित वस्तीतल्या होत्या, ख्रिस्ती फार थोड्या. जामखेडला येऊन शिकायच्या, गावी जाऊन शिकवायच्या. नव्वदच्या दशकापर्यंत त्या गावांतलं कुपोषण शंभरात पाचच्या आसपास आलं होतं.

हे नुसतं शिकवल्यानं झालं का? नाही. बाहत्तरचा दुष्काळ तुमच्यातल्या काहीजणींना आठवत असेल, सुकडी आणि मिलो खाल्लेल्या असाल. त्या दुष्काळात आरोळ्यांनी गावोगाव लहान मुलांसाठी स्वयंपाकघरं चालवली. चर्चच्या मदतसंस्था पाठीशी होत्या. पण पाणी नाही तर अन्न कुठून येणार, आणि गढूळ पाण्यानं जुलाब लागले तर खाल्लेलं अंगी लागणार कसं? म्हणून कूपनलिका खोदायला घेतल्या. पाणी कुठं लागेल ते दाखवायला भूवैज्ञानिक आला, तेव्हा त्याला खुणा दलित वस्तीतच करायला सांगितल्या. मग गावातल्या बाकीच्यांना पाणी हवं तर तिथं जावं लागणार! मला हा किस्सा फार आवडतो. प्रवचन एक शब्दाचं नाही, आणि गावाची पावलं मात्र वस्तीकडं वळली.

पुढं त्या स्वयंपाकघरांसाठी धान्य पिकवायला शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचे तुकडे दिले. इथं मला नेहमी योहानाच्या शुभवर्तमानातला तो मुलगा आठवतो. पाच भाकरी आणि दोन मासे त्याच्याजवळ होते. भाकरी कशाच्या? जवाच्या. म्हणजे गरिबाच्या. आपण त्या चमत्कारात पाच हजारांचा आकडा लक्षात ठेवतो आणि शिदोरी त्या गर्दीतल्याच एका पोराची होती हे विसरतो.

अजून एक सांगते, कारण ते आपल्या लोकांना माहीत नसतं. अंगणवाडीत ताईकडं बाळाच्या वजनाचा तक्ता असतो ना, वर चढत जाणाऱ्या रेघांचा? त्याचं मूळ नायजेरियातल्या इलेशा इथल्या मेथडिस्ट मिशनच्या हॉस्पिटलात आहे. डॉ. डेव्हिड मॉर्ली पन्नाशीच्या दशकात तिथं होते. त्यांनी तो तक्ता केला आणि तो हॉस्पिटलात न ठेवता आईजवळ ठेवायला दिला. मूल रोड झाल्यावर कुणालाही दिसतं. तक्त्यावर ते त्याच्या दोन-तीन महिने आधी दिसतं. रेघ आडवी झाली, म्हणजे वजन वाढायचं थांबलं, की तेव्हाच धावायचं.

आता घरात काय करायचं ते. आपल्या बायकांना यातलं खूप काही कळतं. "पाठचं भावंड आलं की आधीचं वाळतं" हे माझी सासू म्हणायची. आफ्रिकेच्या घाना देशात 'क्वाशिओर्कोर' हा शब्द नेमक्या याच अर्थाचा आहे, पुढचं बाळ आल्यावर आधीच्याला होणारा आजार, आणि डॉक्टरांनी तो तिथल्या बायकांकडूनच उचलला. तेव्हा बायकांना कळत नाही असं नका समजू. त्यांच्याकडं वेळ नसतो. पहाटे निघायचं, दिवस मावळता यायचं. मधल्या वेळात मूल चहात बुडवलेल्या भाकरीवर आणि हल्ली पाच रुपयांच्या पाकिटांवर राहतं. लहान मुलाचं पोट त्याच्या मुठीएवढं. दोनदा ताट भरून वाढलं तरी त्यात मावत नाही. त्याला दिवसातून पाच-सहा वेळा हवं. बाजरी-ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून, त्यावर चमचाभर तेल आणि शेंगदाण्याचं कूट. हे तेल महत्त्वाचं. आपण आजाऱ्याला तेल वर्ज्य करतो, आणि नेमक्या त्याच मुलाला थोड्या घासात जास्त ताकद हवी असते. जुलाब लागले तर खाणं-पाणी बंद करायचं नाही. लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, शिगोशीग नाही.

आणि दंडाची पट्टी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली भरला तर ते धोक्यात आहे. भूक असेल, ताप किंवा सूज नसेल, तर अशी बहुतेक मुलं आता घरी राहूनही बरी करता येतात, फक्त आठवड्याला कुणीतरी बघायला हवं. सूज असेल, मलूल असेल, खातच नसेल, तर दवाखाना. तिथं प्रार्थना करत घरी बसायचं नाही, प्रार्थना गाडीत बसून करायची.

आता तुमचे डबे. पहिली गोष्ट, दोन वर्षांखालच्या बाळांची दूधभुकटी आणि बाटल्या अशा वाटायला १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, अनाथालयांना तेवढी सूट. तेव्हा त्या नादाला लागूच नका. दुसरी गोष्ट, तुम्ही जाणार आहात तो तळ मी पाहून आले.

पाथर्डी-आष्टीकडची माणसं आहेत. मुकादमाची आगाऊ उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी. पहाटे चारला बाई थापलेल्या भाकरी फडक्यात बांधून फडावर जाते. कोपीत, म्हणजे त्यांच्या झोपडीत, उरतात ती पोरं. एका कोपीसमोर पाच वर्षांची पोर वर्षाच्या भावाला भाकरीचा वाळका तुकडा चोखायला देत होती. दंड मोजला, अकरा पूर्णांक दोन. त्याचं नाव गावच्या अंगणवाडीत आहे, आणि तो इथं. मी त्याला दवाखान्यात दाखवून आणलंय. पण तळावर पाच वर्षांखालची अशी सोळा मुलं आहेत. एवढ्या मुलांना तुम्ही सोळा डबे द्याल, आणि दोन आठवड्यांनी सोळा डब्यांत मीठ असेल.

मी त्या बायकांना विचारलं, काय हवं? एक म्हणाली, "पोरं बघाया माणूस द्या." त्यांच्यातच एक म्हातारी आहे, मणक्यामुळं तिला आता तोडणी होत नाही, मुलाबरोबर आलीय, दिवसभर बसून असते. ती तयार आहे. तिला महिन्याला आठ हजार दिले तर चार महिन्यांचे बत्तीस झाले. उरतात अठरा. त्यात तेल, शेंगदाणे, डाळ, गूळ, दंडाच्या पट्ट्या आणि एक काटा. भाकरी आया सकाळी देऊन जातील, त्यांनी कबूल केलंय, आणि ती त्यांचीच असू दे. तुमच्यातल्या दोघी-दोघींनी पाळीपाळीनं दर शनिवारी जायचं, वजनं घ्यायची, वहीत लिहायची. जाताना फोटो काढायला जाऊ नका.

आणि सचिवबाई, काटा घ्याल तो लोंबता घ्या, झोळीवाला, आणि त्याबरोबर लोखंडी तिवई. कोपीचा बांबू बाळाचं वजन पेलत नाही, मी लावून पाहिलंय.