मामांची स्प्लेंडर आणि सतराचा पाना

(पडदा काळा. फरशीवर एकेक पाना ठेवल्याचा आवाज. मग हात.)

सकाळचे साडेसहा. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याचं हे मागचं अंगण, आणि हे माझे मामा. आज रविवार, म्हणजे दहा वाजेपर्यंत मामांशी दुसऱ्या कुठल्याही विषयावर बोलायचं नाही, मामी चहा सुद्धा कोपऱ्यावर ठेवून निघून जाते.

गाडी 2006 ची स्प्लेंडर. टाकीवर अजून हिरो होंडा लिहिलंय, त्या दोन कंपन्या वेगळ्या झाल्या त्याला कितीतरी वर्षं झाली पण ह्या अंगणात त्या अजून एकत्रच आहेत.

(गाडी डबल स्टँडवर. खाली जुनं ॲल्युमिनियमचं पातेलं.)

बघा, पहिलं काम गाडी पाचेक मिनिटं चालू ठेवायची. गार ऑइल घट्ट असतं, तळाला बसलेला गाळ घेऊन येत नाही, कोमट झालं की सगळं घेऊन येतं. मग सतराचा पाना, खालचा बोल्ट, पहिला झटका पान्याने आणि पुढचे आटे हाताने.

(ऑइलची धार. इथे निवेदन नको, धार पूर्ण पडू द्या.)

काळं झालंय. मामा दोन बोटांत घेऊन चोळून बघतात, कच लागतेय का ते. बोल्टावरचं वायसर पुसून बघतात, चपटं झालं असेल तर नवीन, पाच-दहा रुपयांची वस्तू. ह्या इंजिनात बदलायचा कागदी फिल्टर नसतोच, एक जाळी असते आणि एक गोल फिरणारा फिल्टर जो कचरा कडेला फेकतो, तो उजव्या बाजूचं कव्हर खोलल्याशिवाय दिसत नाही. नवीन ऑइल 900 मिली. लिटरचा डबा आणला तर 100 मिली उरतं आणि ते मामा बिजागऱ्यांना, शिलाई मशीनला, एकदा तर देवघराच्या दाराला.

हे सगळं सुरू कसं झालं ते सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये सर्व्हिसिंगला गाडी दिलेली. बिलात नवीन प्लग लावल्याचे पैसे. घरी येऊन मामांनी प्लग खोलला तर तोच जुना, नुसता पॉलिश पेपरने घासलेला. भांडायला नाही गेले. दुसऱ्या दिवशी बाजारातून पान्यांचा सेट आणि प्लगपाना घेऊन आले, आणि त्या सेटमधला दहाचा पाना तेवढा हरवलाय, बाकी सगळे हेच, जे तुम्ही बघताय.

(कलाभवनची इमारत, सकाळचं ऊन.)

आता हे कलाभवन. आमच्या मामांचे वडील इथे शिकलेले म्हणून हा शॉट, आणि खरं सांगायचं तर ऊन इतकं भारी पडलं होतं की ठेवलाच. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये ही तंत्रशिक्षणाची शाळा काढली, रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर ह्यांच्या देखरेखीखाली, हाताने काम करणाऱ्या माणसाला त्या कामामागचं शास्त्र पण कळावं म्हणून. चित्रकला, विणकाम, रंगकाम, यंत्रकाम सगळं एका आवारात. दादासाहेब फाळके इथेच शिकले. आता ते युनिव्हर्सिटीचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. मामा स्वतः इथे शिकले नाहीत, पण आजोबांची एक सवय घरात राहिली, कुठलंही यंत्र बिघडलं की आधी खोलून बघायचं आणि खोलताना प्रत्येक स्क्रू ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडायचा.

(वर्तमानपत्र. त्यावर ओळीने नट, बोल्ट, वायसर.)

हे बघा.

चेन. स्प्लेंडरची चेन पूर्ण कव्हरमध्ये असते म्हणून लोक विसरतात. कव्हरला रबरी बूच असतं, ते काढून बोटाने चेन वर-खाली करायची, दोन-अडीच सेंटीमीटर हलली तर ठीक, जास्त लोंबत असेल तर मागच्या चाकाचा नट सैल करून दोन्ही बाजूचे ॲडजस्टर सारखे फिरवायचे, खुणा मोजून, नाहीतर चाक तिरकं बसतं. धुवायला पूर्वी घासलेट, आता ते मिळत नाही म्हणून डिझेल आणि जुना टूथब्रश. आणि हे सगळं इंजिन बंद ठेवून, चाक हाताने फिरवत, चालू गाडीच्या चेनमध्ये कपडा धरून बोटं गेलेली माणसं आहेत.

(मोबाईलचं जुनं फुटेज. ऑगस्ट 2024. पाणी.)

हे बडोद्याच्याच समा भागातलं, माझ्या बिल्डिंगचं पार्किंग. विश्वामित्री नदी 26 फुटांच्या धोक्याच्या खुणेच्या कितीतरी वर गेलेली, आणि ती काळी रेघ दिसतेय ना पाण्यावर, ती माझ्या गाडीची सीट. पाणी उतरल्यावर गॅरेजसमोर गाड्यांची रांग होती, आठ-दहा दिवस नंबर येणार नव्हता. मी स्टार्टर दाबणारच होतो तेवढ्यात मामांचा फोन, "हात लावू नकोस, चावी काढ." सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही, पिस्टन वर येतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, मग खर्च विचारू नका.

(ड्रेन बोल्ट निघतो.)

आधी पाणी आलं. मातकट पाणी. तेलापेक्षा जड म्हणून खाली बसलेलं, मागून ऑइल. मग प्लग काढून किक मारली...

(किक. प्लगच्या भोकातून फवारा, लेन्सवर थेंब.)

...कॅमेरा माझाच होता. मग टाकी रिकामी, कार्बोरेटरची वाटी रिकामी, एअर फिल्टर नवीन, स्वस्तातलं ऑइल भरून थोडी चालवली आणि काढलं तर दुधाळ चहासारखं. परत भरलं, परत काढलं. तिसऱ्यांदा स्वच्छ आलं. पुढे काही महिन्यांत चाकाचे बेअरिंग वाजायला लागले, ते गॅरेजमध्येच बदलले.

(मामा बोल्ट जवळून दाखवतात.)

हो, आणि एकदा मामांनी जोर लावून ड्रेन बोल्टचे आटे घालवले होते, नवे आटे मारून आणायला जे पैसे गेले त्यात दोन सर्व्हिसिंग झाल्या असत्या, ते त्यांनी सांगायला सांगितलंय म्हणून सांगतो.

हे कोपऱ्यावरचे गॅरेजवाले भाई. ह्यांच्याकडे मामा जुनं ऑइल कॅनमध्ये भरून देतात, गटारात नाही ओतायचं. मामांसारखी गिऱ्हाईकं वाढली तर धंद्याचं काय, हे मी विचारलं तर हसले आणि मागे उभ्या असलेल्या सात-आठ गाड्या दाखवल्या, त्यातल्या बऱ्याच इंजेक्शनवाल्या, म्हणजे कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटरने पेट्रोल सोडणाऱ्या, 2020 नंतरच्या, ज्यांना मामांच्या सेटमधला एकही पाना काय झालंय ते सांगू शकत नाही.

(संध्याकाळ. मामा हँडल डावीकडे-उजवीकडे फिरवतात. मधोमध अडकल्यासारखं होतं.)

कोनसेट गेलाय, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग. पुढचं सगळं खोलायचं, नवीन वाट्या ठोकून बसवायच्या, सरळ बसल्या पाहिजेत, तेवढी हत्यारं घरी नाहीत. उद्या दहाला भाईंकडे गाडी.

"शुं काका, मूकी जशो?" ठेवून जाणार का, भाईंनी विचारलं.

मामांनी मान हलवली आणि स्टूल ओढून बघितलं, उद्यासाठी, नीट बसतंय का.