घाटाच्या पायऱ्या, नोंदवहीतले गाव

मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरातील आप्रवासी घाटाच्या या दगडी पायऱ्यांना एकेकाळी समुद्राचे पाणी लागत असे. होडीतून उतरलेला मजूर त्या चढून वर येई आणि मळ्यावर रवाना होईपर्यंत याच आवारात राही.

गुलामगिरी संपुष्टात येत असताना उसाच्या मळ्यांना मनुष्यबळ मिळावे, म्हणून ब्रिटिशांनी करारबद्ध मजुरी सुरू केली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून ३६ मजूर येथे पोहोचले. पुढे १८४९ मध्ये याच बंदरातल्या त्रू फान्फारों या भागात मजुरांसाठीचे हे आगमन केंद्र उभे राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जवळजवळ ५ लाख भारतीय मजूर या बेटावर आले. त्यांत मुंबई बंदरातून निघालेली, रत्नागिरीकडची मराठी माणसेही होती.

या आवारात स्वयंपाकघर होते, दवाखाना होता. पण सारे फिरत होते ते नोंदवहीभोवती. कारकून नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव आणि अंगावरच्या खुणा लिहून घेई, आणि प्रत्येकाला एक क्रमांक देई. करार संपला तरी क्रमांक सुटत नसे. १८६७ च्या कायद्याने करारमुक्त मजुरालाही छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगणे सक्तीचे केले, आणि तो नसेल तर ‘भटका’ ठरवून त्याला अटक होई. पाच वर्षे राबून मोकळ्या झालेल्या माणसाला रस्त्यावरून चालण्यासाठी कागद दाखवावा लागावा, हा उघड अन्याय होता, आणि तो अन्यायच म्हटला पाहिजे.

केंद्राचा निम्म्याहून कमी भाग आज उरला आहे. ‘कुली घाट’ हे त्याचे जुने नाव जाऊन तो ‘आप्रवासी घाट’ झाला, आणि २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला.

त्या नोंदवह्या मॉरिशसमधल्याच मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपल्या आहेत. पूर्वजांचा शोध घेणारे वंशज तिथे येतात. अनेकांचे आडनाव म्हणजे या वहीत लिहिले गेलेले पणजोबांचे नुसते नाव असते. गावाचे नाव मात्र सहजी उलगडत नाही, कारण मराठी न जाणणाऱ्या कारकुनाने ते जसे कानी पडले तसे रोमन अक्षरांत उतरवलेले असते. ते मोठ्याने, पुन्हापुन्हा म्हणून पाहावे लागते, तेव्हा कुठे त्यातून कोकणातली एखादी वाडी ऐकू येते.