हेंचर्डच्या हातातलं पत्र

मंडळी, अॅरिस्टॉटलची शोकांतिकेची व्याख्या कादंबरीला लावायची म्हटलं की पहिली अडचण व्याख्येतच आहे. गंभीर, पूर्ण आणि योग्य विस्ताराच्या कृतीचं अनुकरण, करुणा आणि भय जागवून त्यांचं विरेचन, म्हणजे निचरा, करणारं, इथवर ठीक. पण ते निवेदनातून नव्हे, प्रत्यक्ष कृती करणाऱ्या पात्रांमधून व्हावं, असंही तो सांगतो. म्हणजे कादंबरी बाद! मात्र पुढे तोच म्हणतो, की डोळ्यांनी न पाहता नुसतं ऐकणाऱ्याच्याही अंगावर काटा यावा, असं कथानक हवं. या आधारावर मी कादंबरीला आत घेतो.

टॉमस हार्डीची १८८६ची ‘द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज’ घ्या. मायकेल हेंचर्ड गवताचे भारे बांधणारा मजूर. जत्रेत रम घातलेली गव्हाची लापशी पिऊन तो बायकोला तान्ह्या मुलीसकट पाच गिनींना एका खलाशाला विकतो. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये शपथ घेतो, एकवीस वर्षं दारूला शिवणार नाही. पुढे हाच माणूस नगराध्यक्ष होतो. राजा नसला, तरी कोसळण्याइतका वर तो चढलेला आहे.

त्याचा तापट स्वभाव हेच शोकांतिकेचं कारण, असं परीक्षेत लिहिलं जातं. मला ते पटत नाही. अॅरिस्टॉटलच्या लेखी कथानक आधी, स्वभाव नंतर. तेव्हा कथानकाचा सांधा कुठे आहे ते बघू.

बायको परत येते, पुन्हा लग्न होतं, ती वारते. हेंचर्ड एलिझाबेथ-जेनला सांगतो, तुझा बाप मीच, आता माझं नाव लाव. पुरावा म्हणून कागद काढायला तो वर जातो. तिथे बायकोचं पत्र सापडतं: ‘एलिझाबेथ-जेनच्या लग्नाच्या दिवसापर्यंत उघडू नये.’ लाखेची मोहोर तडकलेली, पत्र उघडंच. त्यात लिहिलंय, तुझी मुलगी तेव्हाच वारली, ही त्या खलाशाची. आणि सकाळी, रात्रभर रडून विचार केलेली ती पोर त्याचा हात धरून त्याला बाबा म्हणते.

अॅरिस्टॉटलचं उदाहरण सोफोक्लीजच्या ग्रीक शोकांतिकेतलं: राजा इडिपसची भीती घालवायला आलेला दूत त्याचं खरं कूळ उघड करून नेमकं उलटंच घडवतो. पलटी (परिस्थिती उलटणं) आणि ओळख (अज्ञातातून सत्य कळणं) एकाच वेळी, हे अॅरिस्टॉटलला सर्वांत सरस वाटतं. हार्डीने ते एका रात्रीत साधलंय, आणि तेही पूर्णपणे हेंचर्डच्या स्वतःच्या हातून.

हीच व्याख्या हार्डीचं उणंही दाखवते. कादंबरी ‘ग्राफिक’ साप्ताहिकात क्रमशः आली, दर अंकात काहीतरी घडवणं भाग होतं. सुट्या प्रसंगांची माळ हे अॅरिस्टॉटलच्या मते सर्वांत वाईट कथानक, आणि मधल्या भागातले योगायोग वाचताना ते जाणवतं. खलाशी जिवंत परततो, हाही योगायोगच. पण त्याला ‘तुझी मुलगी मेली’ असं सांगणारा हेंचर्ड असतो. ते खोटं कुणी त्याच्यावर लादलेलं नाही. मुलगी आपल्यापासून जाईल या धास्तीने तो ते बोलून जातो, आणि अखेर त्याच खोट्यापायी ती त्याला दुरावते.